चंचलच्या कोरड्या चपला

लिंबायत, सुरत
मंगळवार, २४ मार्च २०२६

उषा फुईस,

१. रविवारी दुपारी आम्ही योगराजच्या रिक्षातून डुमसला समुद्रावर गेलो. आप्पा, आई, माझा भाऊ योगराज, मी आणि तुझी लेक चंचल.
२. भरती होती. पाणी दगडी बांधाच्या बरंच जवळ आलं होतं.
३. टोमॅटोची भजी घेतली. चंचलने दोनदा मागून खाल्ली.
४. पाच वाजून गेल्यावर ती म्हणाली, "पाय भिजवून येते." एकटी गेली. मी तिला जाऊ दिलं.
५. ती परत आली नाही. आप्पा पाण्याच्या कडेने डावीकडे गेले, योगराज उजवीकडे. मी पोलीस चौकीवर गेले. आई सामानाजवळ थांबली.
६. दिवस मावळताना, पाणी मागे हटल्यावर, एका भजीवाल्याने हाक मारली, "बेन, आ चंपल कोनां छे?" चपला चंचलच्या होत्या. एकीशेजारी एक ठेवलेल्या. डाव्या चपलेत तिचा केसांचा चाप होता.
७. अग्निशमन दलाचे लोक आणि कोळी काल दिवसभर शोधत होते. काही सापडलं नाही.
८. पोलिसांत नोंद केली आहे.

आकडे घालून लिहिलं, कारण एरवी मला पुढचं वाक्य लिहिता येत नव्हतं.

फोन केला तेव्हा फुवांनी तो स्पीकरवर टाकला आणि तुला बोलू दिलं नाही. आप्पांना म्हणाले, "बस्त्याले धाडी व्हती पोर, बुडवाले नही." म्हणून तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर लिहिते आहे. तिथलं टपाल तुझ्याच हातात पडतं.

लग्नाचा बस्ता बांधायला तू तिला आमच्याकडे पाठवलंस. तिच्या साड्या अजून कपाटात आहेत. त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही.

पल्लवी

*

प्रकाशा, जि. नंदुरबार
गुरुवार, २६ मार्च

चि. पल्लवी,

तुझं पत्र मिळालं. मुलांची खिचडी उतरवून, दार लावून वाचलं.

बेटा, तू स्वतःला बोल लावू नको. तुझ्या आप्पांनाही सांग, मी माझ्या गोपालदादाला बोल लावत नाही. तुझे फुवा काय बोलले ते सोडून दे. त्यांनी चेतनरावांच्या घरी चंचल देण्याचा शब्द दिला होता. आता त्यांना लोकांसमोर तोंड कसं दाखवू असं झालंय, आणि तो राग दादावर निघतो.

आणखी एक. आता शोध थांबवायला सांग. पाण्यात गेलेल्या माणसाला रोज रोज शोधून घरच्यांचे हाल होतात. इथे सगळ्यांनी धरलंय की ती गेली. दशक्रिया नदीवर करणार आहेत. आखाजीला तिच्या नावाची पहिली घागर भरायची. त्याच अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर लग्न धरलं होतं.

मला एवढंच सांग. रविवारच्या आधीचे दिवस तिने कुठे कुठे पाहिलं? काय खाल्लं? हसली का? तू सगळं नीट लक्षात ठेवतेस म्हणून तुला विचारते. ती कधी गावाबाहेर फिरायला म्हणून गेलीच नव्हती. शाळेची सहल निघाली तेव्हा फुवांनी नाही म्हटलं होतं.

साड्या राहू दे. इकडे पाठवू नको.

तुझी,
उषा फुई

*

लिंबायत, सुरत
सोमवार, ३० मार्च

उषा फुईस,

तू विचारलंस ते आधी लिहिते.

पाडव्याच्या दिवशी आम्ही गोपी तलावावर गेलो. होडीत बसताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. मग मधोमध गेल्यावर स्वतःच हात सोडला आणि वल्ह्याचं पाणी योगराजवर उडवलं. तो म्हणाला, "नवरी आहेस म्हणून सोडतोय." तिचा चेहरा पडला. मला वाटलं, पाण्याला घाबरली.

दुसऱ्या दिवशी मत्स्यालय पाहिलं. मोठ्या काचेसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "माशासले बी सासर ऱ्हास का वं, ताई?" मी म्हटलं, नसतं. ती म्हणाली, "मंग बरं शे त्यास्नं." बाहेर येऊन कोल्ड कोको प्यायलो. तिने माझाही अर्धा संपवला.

शनिवारी सकाळी कापड बाजारात बस्ता झाला. साड्या तिने पाहिल्या नाहीत. आईने निवडल्या, ती मान हलवत गेली. संध्याकाळी तापीच्या कोझवेवर गेलो. मी तिला दाखवलं की बंधाऱ्याच्या वरचं पाणी तुमच्या गावाकडून येतं आणि खालच्या अंगाला समुद्राची भरती चढते. ती वरच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. "हे पाणी आपल्या घरावरून आलं?" "हो." "मग ते परत नाही जाऊ शकत?" "नाही." त्यावर ती खूप हसली. का, ते मला कळलं नाही.

फिरण्याबद्दल एवढंच आठवतं. आता पुढचं. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही.

खाडीच्या पाण्याची पातळी मोजणं हे माझं काम आहे. तरीही ही गोष्ट माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. परवा शनिवारी साइटवर ओहोटीनंतरचा चिखल ओलांडत होते, तेव्हा एकदम थांबले. सोबतच्या माणसाने विचारलं, "शुं थयुं?" मी त्याला पुढे जायला सांगितलं.

चपला जिथे सापडल्या ती जागा मला नक्की माहीत आहे. एक मोडका होडीचा खुंट आहे तिथे. चंचल दिसेनाशी झाली तेव्हा तो खुंट पाण्यात होता. आप्पा त्याच्या जवळून गुडघाभर पाण्यातून तिला हाका मारत गेले. मी चौकीकडे पळताना मागे वळून पाहिलं होतं. तिने पाण्यात शिरताना चपला तिथे काढल्या असत्या, तर त्या पाण्यावर तरंगत गेल्या असत्या. निदान भिजल्या असत्या.

त्या कोरड्या होत्या, फुई. मी हातात घेतल्या होत्या. खालची वाळू ओली होती. चपलांचे पट्टे कोरडे, आतलं कापड कोरडं, चाप कोरडा.

म्हणजे पाणी हटल्यानंतर कुणीतरी त्या तिथे आणून ठेवल्या. आम्ही सगळे ओरडत फिरत होतो त्या वेळी.

नदीकाठी वाढलेल्या माणसाकडून अशी चूक होऊ शकते. आपल्याकडे काठ दुपारी जिथे असतो तिथेच दिवेलागणीला असतो. समुद्राचा काठ तसा राहत नाही. ज्याने हे केलं त्याला पाण्याची कड दिसली आणि त्याने तिथे चपला ठेवल्या. थोड्या वेळापूर्वी तिथे समुद्र होता, हे त्याला सुचलंच नाही.

याचा मला एकच अर्थ लागतो. तिला कुणीतरी नेलं आणि ती बुडाली असं दाखवलं. तुझे जावई चेतनराव त्या आठवड्यात सुरतेला बाजारात होते, हे योगराज बोलला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी वैशालीताई विहिरीत पडली. आता तिचीच धाकटी बहीण त्यांच्याशी लग्न होण्याच्या आधी नाहीशी होते. मी कुणावर आरोप करत नाही. पण हे पोलिसांना सांगायला हवं. पुढच्या सोमवारी, सहा तारखेला, मी जाणार आहे. तू तिची आई आहेस, म्हणून आधी तुला कळवते.

आणखी एक. तू शोध थांबवायला का सांगितलंस? ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पल्लवी

*

प्रकाशा
गुरुवार, २ एप्रिल

पल्लवी,

पोलिसांत जाऊ नको. हे पत्र तुझ्या हाती वेळेत पडू दे एवढंच मी देवीकडे मागते आहे.

चंचल जिवंत आहे.

दहा दिवस मी इथे रडणाऱ्या बायांमध्ये बसून आहे. त्यांच्यासारखी रडते. रडू खोटं नाही, कारण ती मला आता दिसणार नाही.

वैशाली विहिरीत पडली नव्हती. ती गेली तेव्हा माहेरची साडी घेऊन आम्ही गेलो. रिवाजाप्रमाणे अंघोळ घालायला आत मी आणि जयश्रीवहिनी, दोघीच होतो. मानेवर बोटांचे डाग होते, दोन्ही दंडांवर होते. विहिरीत पडून असे डाग येतात का, ते तू सांग, तुला पाण्याचं कळतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि साडीचा पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला. बाहेर पुरुष बसले होते. तुझे फुवा जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाच धीर देत होते. मी रात्री त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा तोंडातून काढशील तर बघ." दशक्रियेला त्या घरचे म्हणाले, थोरली गेली, धाकटी द्या, नातं तुटायला नको. फुवांनी चारचौघांत होकार दिला.

चंचल पळून गेली असती तर तुझ्या फुवांनी आणि त्या लोकांनी तिला शोधून काढलं असतं. मेलेल्या मुलीला कुणी शोधत नाही. म्हणून हे असं केलं. तिचे बूट पिशवीत आधीच होते. भजीच्या गाड्यांच्या मागे ते घालून, चपला आणि चाप तिथेच ठेवून ती रस्त्यावर गेली, तिथे एक बाई थांबली होती. कुठे नेलं ते विचारू नको. कामाला लागली आहे, दोन वेळ जेवते आहे, एवढंच मलाही माहीत आहे.

जयश्रीवहिनीला बोलू नको. चपला पाण्याच्या कडेला ठेव असं मीच सांगितलं होतं. तिने मी सांगितलं तेवढंच केलं. आम्ही दोघींनी आयुष्यभर नदीच पाहिलेली. चुकलं ते माझं.

आणि दादाला सांगू नको. हे मी पाया पडून मागते. गोपालदादाला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. इथले लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघून मानतात की पोर बुडाली. दशक्रियेला तो आला आणि घाटावर खाली बसला, तेव्हा चेतनराव स्वतः त्याला पाणी द्यायला गेले. त्या दिवसापासून त्यांच्याकडून एकही विचारणा नाही. तू दादाला सांगितलंस तर आखाजीला त्याला एकदा पाहूनच सगळं उघडं पडेल.

घागर मी माझ्या हाताने भरणार आहे. पोर जिवंत असताना तिची घागर भरणारी आई तू पाहिली नसशील. मीही पाहिली नव्हती.

पत्र फाडून टाक.

उषा फुई

*

लिंबायत, सुरत
बुधवार, ८ एप्रिल

उषा फुईस,

पत्र शनिवारी मिळालं. वाचून फाडलं. पोलिसांकडे गेले नाही.

तुझ्या पत्रातलं कुठलं वाक्य मला जास्त लागलं, ते सांगते. वैशालीताईच्या मानेवरचे डाग नव्हे. ते वाचताना मला कळलं की मी कधीतरी हे ओळखायला हवं होतं. मला लागलं ते "जयश्रीवहिनीला बोलू नको." मला आईचा संशयही आला नव्हता. योगराजचा आला होता, चेतनरावांचा आला होता. पहिल्या पत्रात मीच लिहिलं होतं की आई सामानाजवळ थांबली, आणि तरी ते मला दिसलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. आई कळणाची भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"उषाबाईनी सांगं का तुले?"

"हो."

"तुन्ह्या आप्पाले?"

"नाही."

"नको सांगू."

मी विचारलं, "तुला रोज संध्याकाळी ते दिसत नाहीत का? समोर बसतात, भात कालवतात आणि उठतात. तुला कसं बघवतं?"

ती म्हणाली, "तुन्हा आप्पा रडतस, म्हनीसन ती जित्ती शे."

मग तिने गॅस बंद केला आणि जमिनीवर बसली. म्हणाली, तिने वैशालीताईला अंघोळ घातली तेव्हा पाणी गार होतं, कुणी तापवून दिलं नाही, आणि ते तिच्या हातांना अजून जाणवतं. माझी आई माझ्याशी असं कधी बोललेली नाही. मी तिच्यासमोर बसले. भाकरी तव्यावर करपली.

तुम्ही दोघींनी जे केलं ते चूक आहे, असं मी म्हणत नाही. मी बराच विचार केला आणि दुसरा मार्ग मला सापडला नाही. पोलिसांत जा, असं सांगणं सोपं आहे. डाग कुणी पाहिले? दोन बायांनी. देहाला अग्नी देऊन दोन वर्षं झाली. चंचलला त्या घरात पाठवायचं नव्हतं, आणि तुमच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. एवढं मला मान्य आहे.

पण तुला एक गोष्ट माहीत नाही. ती आईलाही कालपर्यंत माहीत नव्हती.

आप्पांनी लूमवर कामाला जाणं सोडलं आहे. सेठने दोनदा माणूस पाठवला. ते बसने डुमसला जातात आणि कोळ्यांना विचारत फिरतात. आम्हाला वाटलं, फिरून येतात, मन शांत होईल. काल एक कोळी त्यांच्या चपला आणि मोबाइल घेऊन घरी आला. या रविवारी भरतीच्या वेळी आप्पा छातीभर पाण्यात गेले होते. त्याने आणि त्याच्या भावाने होडीतून जाऊन त्यांना ओढून आणलं. दमलेले होते म्हणून वस्तू तिथेच राहिल्या. आम्हाला आप्पांनी सांगितलं होतं की मोबाइल चोरीला गेला.

मी त्यांना विचारलं, पाण्यात कशाला गेला होता?

म्हणाले, "तिचा पाय कुठे सुटला असेल ते बघत होतो."

मी विचारलं, पुन्हा जाणार का? त्यांनी उत्तर दिलं नाही. तू लिहिलं आहेस की त्यांना खोटं बोलता येत नाही. बरोबर आहे. म्हणून ते गप्प राहिले.

मी भरतीचं काम करते. त्या किनाऱ्यावर पाणी किती वेगाने चढतं ते मला कामावर रोज दिसतं. त्यांना ते कळत नाही. त्यांनीही तुमच्यासारखी नदीच पाहिली आहे. पुढच्या वेळी होडी जवळ असेलच असं नाही. तुम्ही एक मुलगी वाचवायला एक खोटा मृत्यू उभा केला. त्याच्या मागे खरा मृत्यू येतो आहे, तोही तुझ्या सख्ख्या भावाचा.

आईला हे कळल्यावर ती रात्रभर त्यांच्या उशाशी बसली होती. सकाळी मला म्हणाली, सांगायचं असेल तर उषाबाईंनी सांगायला हवं, मी त्यांच्या पोरीचा जीव माझ्या तोंडाने उघड करणार नाही. तिचं म्हणणं मला पटतं. शब्द तुझा होता.

म्हणून मी असं ठरवलं आहे.

आप्पांनी शुक्रवार सतरा तारखेचं नंदुरबारचं तिकीट काढलं आहे. आखाजीला ते स्वतः घागर उचलून तुमच्या दारी आणणार आणि फुवांच्या पाया पडणार, असं म्हणत होते. ते येणार नाहीत. मी त्यांना येऊ देणार नाही. डॉक्टरांकडे नेलं होतं, रक्तदाब वाढला आहे, प्रवास नको असं डॉक्टरांनीच सांगितलं आहे. तुमच्याकडे तेच कळवू. त्यात खोटं काही नाही. म्हणजे आखाजीला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला तिथे कुणी नसेल. नंतरही बराच काळ ते गावी येणार नाहीत, हे माझ्यावर सोपव. योगराजला काही कळणार नाही. चंचल कुठे आहे ते मी विचारणार नाही, आत्ताही नाही, पुढेही नाही.

पण आप्पांना सांगायची परवानगी दे. एकाच माणसाला. ते पत्र तू लिही किंवा मला सांग, मी घराचं दार लावून त्यांना सांगेन. पण तुझ्या अक्षरात काहीतरी असू दे, नुसतं माझं ते मानणार नाहीत. त्यांना वाटेल, मी समजूत घालते आहे. तुझं अक्षर ते ओळखतात.

तू नाही म्हणालीस तर मी काय करेन, हे मला आज खरंच माहीत नाही. तुला घाबरवायला लिहीत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडे एक माणूस आहे. चंचलला मी चारच दिवस जवळून पाहिलं. आप्पांना रोज पाहते. तुझ्या जागी मी असते तर कदाचित तुझ्यासारखंच केलं असतं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, तेवढा विचार कर.

तोवर मी ऑफिसातून सुट्टी घेतली आहे. ते जिथे जातील तिथे मी त्यांच्यासोबत जाते. आज डुमसला बांधावर दोघं बसलो होतो. संध्याकाळची गर्दी होती, मुलं उंटावर बसत होती. आप्पांनी मला विचारलं, "तू कामाला का जात नाहीस?" मी म्हटलं, तुमच्यासोबत फिरायला. ते म्हणाले, "फिरायला."

गुरुवार, १६ एप्रिलपर्यंत तुझं उत्तर मला मिळायला हवं. स्पीड पोस्टाने पाठव. हो किंवा नाही, एवढं लिहिलंस तरी चालेल.

पल्लवी